फवारणीची विषबाधा: आधी तालुक्याला थांबावं की थेट जिल्ह्याचं ‘मेडिकल’ गाठावं?

काळी_माती

मंडळी, घरात यावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारतोय.

माझ्या चुलतभावाकडे सालगडी आहे, पंचविशीचा पोरगा. कपाशीवर फवारत होता. दुपारी धुऱ्यावर येऊन बसला, म्हणाला डोळ्यांपुढे धूसर दिसतंय. ऑक्टोबरचं ऊन, सगळ्यांना वाटलं ऊन लागलं असेल. कांदा-पाणी झालं. घरी आणेपर्यंत तोंडातून लाळ, अंगाला दरदरून घाम, उलट्या आणि दंडाचे स्नायू आपोआप लवलवताहेत. भावाने त्याला गाडीत घातलं. जिल्ह्याचं मेडिकल (मेडिकल कॉलेजचं रुग्णालय) दीड तासावर, वाटेत तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय. भाऊ तिथे थांबला. तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शनांवर इंजेक्शनं दिली, ऑक्सिजन लावला, मशीनने लाळ ओढून काढली आणि तासाभराने १०८ मध्ये घालून पुढे पाठवलं.

मेडिकलमध्ये पोरगा शुद्धीवर आला, चहा मागू लागला. सगळे निर्धास्त. आणि मग तिसऱ्या दिवशी श्वास मंदावला म्हणून नळी टाकून व्हेंटिलेटर! काका म्हणतात, तालुक्याला तास घालवला त्याचं हे फळ. भाऊ म्हणतो, थांबलो म्हणून जिता पोचला.

जाणकारांनी सांगावं, कोण बरोबर? आणि बोलता माणूस अचानक व्हेंटिलेटरवर कसा जातो?

तुषार_सिंचन

थेट मेडिकल. तालुक्याले काय भेटते बाप्पा? सलाईन अन् रेफरची चिठ्ठी. आमच्याकडे तं लोक म्हणतात, ग्रामीण रुग्णालय म्हणजे यष्टीचा थांबा. पोरगा बरा होवो.

द्राक्षबाग

तुषारभाऊ, सगळीकडे तसं नाही हो. पण रात्री गेलात तर डॉक्टर असेलच याची खात्री नाही, हेही खरंच. मी असतो तर थेट जिल्ह्याला नेलं असतं.

भूलवाला

मी भूलतज्ज्ञ आहे. बरीच वर्षं विदर्भात सरकारी नोकरी केली, आता खाजगी. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

काळी_माती, तुमचा भाऊ बरोबर आहे. काकांना नीट समजावून सांगा.

लक्षणांवरून हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं दिसतंय, ज्याला वॉर्डात आम्ही नुसतं ‘ओपी’ म्हणतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी त्याच घरातली. आपल्या शरीरात नसेकडून स्नायूला किंवा ग्रंथीला निरोप पोचतो तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनामार्फत. निरोप पोचला की एक एन्झाइम ते रसायन लगेच मोडून टाकतं. ओपी त्या एन्झाइमलाच धरून बसतं. मग निरोप थांबतच नाही. लाळ, घाम, अश्रू, उलट्या, जुलाब, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, नाडी मंद आणि छातीत पाणीच पाणी. सुरुवातीला माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या छातीतल्या पाण्याने आणि श्वास बंद पडल्याने. बाहेरून कोणी बुडवलेलं नसतं, पण तो आतल्या आत बुडत असतो.

आणि हे पाणी आटवणारं औषध फार महागडं नाही, दुर्मीळही नाही. अ‍ॅट्रोपिन. ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही असायला हवं, आणि बहुतेक ठिकाणी असतं. प्रश्न असतो तो किती द्यायचं याचा. आपल्याकडची अँप्यूल ०.६ मिलिग्रॅमची. ‘दोन अँप्यूल दिल्या आणि पाठवला’ म्हणजे काहीच दिलं नाही. पद्धत अशी: सुरुवातीला चार अँप्यूल शिरेतून. पाच मिनिटांनी छाती ऐकायची. अजून खरखर असेल तर आठ. परत पाच मिनिटं. मग सोळा. मग बत्तीस. म्हणजे पाऊण तास नाही, पाव तासात साठ अँप्यूल होतात! छाती स्वच्छ वाजेपर्यंत, नाडी ८० च्या वर आणि वरचा रक्तदाबही ८० च्या वर येईपर्यंत, काखा कोरड्या होईपर्यंत. तिथे पोचलं की एकूण जेवढं लागलं त्याच्या साधारण १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून चालू ठेवायचं.

बांगलादेशातल्या चितगावच्या मेडिकल कॉलेजात यावर एक चाचणी झाली, २०१२ साली छापून आली. जुन्या, ठरावीक अंतराने ठरावीक डोस देण्याच्या पद्धतीत २२.५ टक्के रुग्ण दगावले. दुप्पट-दुप्पट करून मग ड्रिप लावण्याच्या पद्धतीत ८ टक्के. औषध तेच होतं.

तर मुद्दा असा की दीड तासाच्या रस्त्यात, अ‍ॅट्रोपिनशिवाय, छातीत पाणी भरलेला माणूस पाठीवर झोपवून नेणं हा जुगार आहे. जिथे अ‍ॅट्रोपिन, ऑक्सिजन, सक्शन (लाळ-पाणी ओढून काढायचं मशीन) आणि ते वापरायला तयार माणूस आहे, असं सगळ्यात जवळचं ठिकाण गाठा. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरने त्या तासात हेच केलेलं दिसतंय.

तिसऱ्या दिवसाबद्दल संध्याकाळी लिहितो, केस लागली आहे.

तुषार_सिंचन

डॉक्टरसाहेब, साठ अँप्यूल? आमच्या पीएचसीत वर्षाची खरेदी तेवढी नसन!

नाईट_ड्युटी

तुषारदादा, असते, आणि नसली तर शेजारच्या पीएचसीतून मागवता येते. हंगाम लागायच्या आधी मागणी टाकावी लागते एवढंच. ते कोणी टाकलं तर.

मी स्टाफ नर्स आहे, मेडिसिनच्या आयसीयूत. भूलवाला सर बोलले त्याची दुसरी बाजू सांगते. सिरियस ओपीचा पेशंट आला की एक जण फक्त अँप्यूल फोडायला बसते. काचेची मान मोडायची, सिरिंजमध्ये ओढायचं, पुढची. गॉजचा तुकडा धरला तरी अंगठ्याला काच लागतेच. किडनी ट्रेमध्ये काचेच्या टोप्यांचा ढीग साचतो. दुसरी सिस्टर काखेत हात घालून बघते, ओली की कोरडी. तिसरी सक्शन. सर स्टेथोस्कोप पाठीला खालच्या बाजूला लावून, कारण पाणी तिथे आधी ऐकू येतं. आणि चौथं माणूस असेल तर त्याने एकच काम करायचं: किती वाजता किती अँप्यूल गेल्या ते लिहायचं. हे लिहिलं नाही तर ड्रिप किती लावायची हे कोणालाच कळत नाही.

रेफर होऊन येणाऱ्यांच्या चिठ्ठीवर नुसतं ‘इंज. अ‍ॅट्रोपिन गिव्हन’ असतं. किती? केव्हा? वाचणाऱ्याने काय समजायचं?

अजून एक. अ‍ॅट्रोपिन लागू पडलं की पेशंटचं तोंड कोरडंठाक पडतं, अंग तापतं, आणि डोकं फिरल्यासारखं होतं. हवेत काहीतरी वेचतो, नसलेल्या माणसांशी बोलतो, एकाने तर रात्रभर बैल हाकलले. नातेवाईक घाबरतात, डॉक्टरांवर ओरडतात, ‘चांगला होता, तुम्ही वेडा केला’ म्हणून. तसं जास्त झालं तर आम्ही ड्रिप थांबवून मग कमी करून लावतो, उतरतं ते. पण तोंड कोरडं पडलं म्हणून गुपचूप बाटलीने पाणी पाजू नका. ठसका लागून ते फुफ्फुसात जातं. विचारा, आम्ही ओल्या कापसाने ओठ पुसतो.

मिसळपाव_नको_ठेचा_द्या

बैल हाकलणाऱ्याने रात्रभरात किती एकर केलं ते लिहिलं का चार्टवर?

(क्षमस्व. ताई, तुमच्या कामाला सलाम.)

नाईट_ड्युटी

@ठेचा, नाही लिहिलं. पण सकाळी त्याच्या बापाला सांगितलं तेव्हा म्हातारा किती दिवसांनी हसला.

दुकान_नं_७

माझं कृषी केंद्र आहे, त्यामुळे शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

डब्यावर त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिविषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. सोबतच्या पत्रकावर विषबाधेची लक्षणं आणि उतारा छापलेला असतो. अक्षर मुंगीएवढं असतं, मान्य. पण पेशंटसोबत डबा नेला तर डॉक्टरचा अर्धा तास वाचतो. अडचण काय होते, शेतकरी डब्यातलं अर्धं पाण्याच्या बाटलीत ओतून शेजाऱ्याला देतो. मग घरात ती बाटली, ना लेबल ना रंग. लहान पोरं पितात त्यातून.

आणि कॉकटेल! एका पंपात तीन-तीन औषधं, वर टॉनिक. विचारलं तर ‘मजुरी वाचते’.

परखड_पुणेकर

आणि ते कॉकटेल शेतकऱ्याला सुचवतं कोण? काउंटरमागे उभा असतो तोच ना?

दुकान_नं_७

सुचवणारेही आहेत. मी नाही म्हणत नाही. पण २०१७ च्या हंगामात यवतमाळमध्ये जे झालं त्याचं सगळं खापर एकट्या दुकानावर फोडू नका. त्या साली कपाशी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळीमुळे फवारण्या वाढल्या, बॅटरीच्या पंपाचा बारीक फवारा थेट तोंडावर. उघड्या अंगाने, अनवाणी, आठवडाभर सलग फवारणारा मजूर. वीसच्या वर माणसं गेली एका जिल्ह्यात, शेकडो दवाखान्यात. त्यानंतर सरकारने काही औषधांवर तात्पुरती बंदी घातली.

काळी_माती

आमच्याकडेही कपाशी अशीच वाढलीय यंदा. आणि पोराच्या अंगात नुसती बनियन होती.

भूलवाला

आता तिसऱ्या दिवसाचं.

याला ‘इंटरमीजिएट सिंड्रोम’ म्हणतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं पहिलं नीट वर्णन केलं. सुरुवातीची लाळ-घाम-पाणी ही लाट ओसरते, माणूस शुद्धीवर येतो, आणि साधारण एक ते चार दिवसांच्या दरम्यान मानेचे, खांद्या-मांड्यांचे आणि श्वासाचे स्नायू थकून गळतात. निरोपांच्या भडिमाराने स्नायू ऐकेनासेच होतात म्हणा. यावर अ‍ॅट्रोपिन काम करत नाही. श्वास मशीनने द्यायचा आणि स्नायू परत येईपर्यंत थांबायचं. कधी पाच-सहा दिवस, कधी दोन-तीन आठवडे.

हे तालुक्याच्या तासामुळे झालं नाही. तिथे न थांबता गेला असता तरी झालं असतं, फक्त तोवर तो जिवंत असायला हवा होता.

खाटेशेजारी करायची तपासणी अगदी साधी आहे. उशी काढा आणि पेशंटला म्हणा, डोकं वर उचल आणि धरून ठेव. काल उचलत होता आणि आज हनुवटी छातीकडे येत नसेल तर ताबडतोब डॉक्टरला हाक मारा. चहा मागतोय याच्यावर जाऊ नका. म्हणूनच पेशंट ‘बरा वाटतोय’ म्हणून दुसऱ्या दिवशी घरी न्यायचा हट्ट धरू नये.

एक फक्त व्यवसायबंधूंसाठी: नळी टाकताना स्कोलिन (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) टाळा. जे एन्झाइम ते मोडतं तेच निकामी झालेलं असतं, चार-पाच मिनिटांचं औषध तासन्‌तास रेंगाळतं.

द्राक्षबाग

सर, ‘पाम’ नावाचं इंजेक्शन असतं ना? आमच्याकडे एकाला बाहेरून आणायला लावलं होतं, बरेच पैसे गेले. ते नसतं दिलं तर?

भूलवाला

प्रॅलिडॉक्सिम. ते एन्झाइमला विषाच्या पकडीतून सोडवतं, निदान पुस्तकात. प्रत्यक्षात भांडण आहे. आपल्या बारामतीतच २०० रुग्णांवर अभ्यास झाला, २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. तासाला १ ग्रॅम असं सलग ४८ तास दिलेल्या गटात मृत्यू १ टक्का, थोडं थोडं दिलेल्या गटात ८ टक्के. त्यांच्याकडे पेशंट लवकर पोचत होते आणि आयसीयू चांगलं होतं. पुढे २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत मात्र काही फायदा दिसला नाही. शिवाय ठरावीक वेळ उलटली की पकड इतकी पक्की होते की पामचा उपयोग उरत नाही, आणि ती वेळ प्रत्येक औषधाची वेगळी. मी लवकर आलेल्याला देतो. पण पाम आणायला नातेवाइकाला पळवलं आणि इकडे अ‍ॅट्रोपिन अडून राहिलं, असं मात्र कधीही होऊ नये.

सातबारा

कायद्याचं आणि पैशाचं थोडं, कारण हे कोणी सांगत नाही.

१) ही एमएलसी होते, म्हणजे पोलिसांत नोंद. घाबरू नका आणि टाळायलाही सांगू नका. पुढे तोच कागद लागतो. ‘आधी पोलीस पेपर आणा, मग उपचार’ असं कोणी म्हणू शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच स्पष्ट केलंय.

२) गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत जंतुनाशकं हाताळताना झालेली विषबाधा बसते, मृत्यूला २ लाख. पण ती सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या घरच्या सदस्यासाठी. सालगडी, रोजंदारीवर फवारणारा मजूर त्यात कुठे येतो? विष अंगावर घेणारा बहुतेक वेळा तोच. २०१७ ला मृतांच्या कुटुंबांना वेगळी मदत जाहीर करावी लागली.

३) उपचाराच्या खर्चासाठी दवाखान्यात सरकारी आरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसतो त्याला पहिल्या दिवशीच भेटा. रेशन कार्ड, आधार सोबत. डिस्चार्जच्या दिवशी जाऊन काही होत नाही.

तुषार_सिंचन

सातबारा भाऊ, माह्या नावावर सातबारा नाही, नुसतं कर्ज हाय. मले योजना भेटन का?

सातबारा

@तुषार, कर्जाला वारस लागतोच, काळजी नसावी.

परखड_पुणेकर

विनोद बाजूला ठेवून: मुळात ही विषं बाजारात का? श्रीलंकेने एकेक जहाल कीटकनाशक बंद केलं आणि तिथल्या आत्महत्या १९९५ नंतरच्या वीस वर्षांत साधारण ७० टक्क्यांनी कमी झाल्या. आयसीयू वाढवण्यापेक्षा हे स्वस्त.

दुकान_नं_७

श्रीलंकेचं उदाहरण देऊ नका साहेब. बंदी घातली आणि शेती बसली त्यांची, देश दिवाळखोर झाला.

परखड_पुणेकर

ते २०२१ चं, रासायनिक खतं-औषधांची आयात एका फटक्यात सरसकट बंद केली ते. मी बोलतोय ते निवडक जहाल कीटकनाशकांबद्दल, त्याच्या कितीतरी आधीचं. तेव्हा पिकाचं उत्पादन पडलं नव्हतं.

भूलवाला

पुणेकरांशी सहमत, हे माझ्यासाठी दुर्मीळ आहे. आपल्याकडेही ऑगस्ट २०१८ मध्ये १८ कीटकनाशकांवर बंदीचा आदेश निघाला. फोरेट, डायक्लोरव्हॉस, ट्रायझोफॉस ही त्यातलीच, त्यांना २०२० अखेरपर्यंत मुदत होती. मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर २००५ पासून चालत नाही, तरी भाजीवाल्यांकडे सापडायचं. २०२३ मध्ये त्याच्या नेहमीच्या ३६ टक्क्यांच्या द्रावणावरही गदा आली. वॉर्डात फरक दिसायला वेळ लागतो, पण दिसतो.

कोकणी_काजू

थोडं अवांतर. आमच्याकडे पहाटे पापण्या जड, गिळता येत नाही म्हणून एका गड्याला आणलं. आदल्या दिवशी काजूवर फवारणी केलेली, म्हणून सगळे विषबाधा-विषबाधा करत होते. निघाली मण्यार! दात लागल्याची खूणसुद्धा नव्हती. डॉक्टरने बाहुल्या बघितल्या, घाम-लाळ नाही हे बघितलं आणि सापाचं औषध लावलं.

नाईट_ड्युटी

अवांतर नाही हो काजूदादा, हे कामाचं आहे. उलटंही होतं. ‘ऊन लागलं’ म्हणून घरी ठेवतात. उन्हाच्या झटक्याचा माणूस असा लाळ गाळत नाही, त्याच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होत नाहीत. मोबाईलच्या उजेडात डोळे बघा.

अनोळखी_वाट

खूप दिवस नुसती वाचते इथे. आज लिहिते.

आमच्या घरातलं प्रकरण फवारणीचं नव्हतं. दिराने स्वतःहून घेतलं होतं. कर्ज होतं, बाकीही होतं. घरच्यांनी आधी मिठाचं पाणी पाजलं, कुणी ताक, कुणी कडुनिंबाचा रस. उलटी झाली ती श्वासात गेली. आयसीयूत विषापेक्षा त्या न्यूमोनियाशी जास्त झगडावं लागलं, गळ्याला छिद्र पाडून नळी टाकली. वाचले ते. आज दुकान चालवतात.

पण वॉर्डात येणारे जाणारे त्यांना जे बोलायचे ना, ‘बायकापोरांचा विचार नाही केला’... नळी असलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही, फक्त ऐकतो. एका सिस्टरने सगळ्यांना बाहेर काढलं होतं. तिचं नाव मला माहीत नाही.

भूलवाला

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत.

घरी उलटी करवू नका, हे कितीही वेळा सांगितलं तरी कमीच. काही औषधं रॉकेलसारख्या द्रावणात असतात, ती फुफ्फुसात गेली की वेगळंच संकट. पोटात नळी घालून धुणंसुद्धा पहिल्या तास-दोन तासांतच आणि श्वासमार्ग सुरक्षित असेल तरच. आधी अ‍ॅट्रोपिन, मग बाकी. आपल्याकडे नातेवाईकही ‘पोट धुतलं का?’ हेच पहिलं विचारतात.

आणि अशा प्रत्येक पेशंटला घरी सोडण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाने भेटलंच पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाला तीव्र तणावाखाली होता असं धरलं जातं, गुन्हेगार नाही. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांनी औषधाचे डबे घराबाहेर, कुलपात ठेवा.

नाईट_ड्युटी

+१. आणि विष अंगावर सांडलेलं असो की पोटात गेलेलं, कपडे काढा. सगळे. लाजू नका. साबण-पाण्याने केस, कानामागे, नखं, बेंबीपर्यंत धुवा, धुणाऱ्याने हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या तरी घालाव्यात. आमच्याकडे पेशंटचे विषाने भिजलेले कपडे आई मांडीवर घेऊन बसली होती, संध्याकाळी तिलाच भरती करावं लागलं. मग डाव्या कुशीवर, तोंड खाली झुकलेलं. असंच गाडीतही.

तुषार_सिंचन

आता एक सांगा. मी धाग्याच्या सुरुवातीले म्हटलं थेट मेडिकल. डॉक्टरसाहेब म्हणतात थांबा. पण आमच्या इथं एका खाजगीवाल्यानं आयसीयू नसतानाही दोन दिवस ठेवून घेतला, डिपॉझिट संपल्यावर रेफर. तो माणूस रस्त्यातच गेला. मंग थांबाव कसं?

भूलवाला

तुमचा राग रास्त आहे, आणि म्हणूनच ‘थांबा’ म्हणजे ‘भरती करा’ नव्हे. तालुक्याला थांबायचं ते छाती कोरडी होईपर्यंत, श्वास जात असेल तर नळी टाकण्यापुरतं. तोवर तिथल्या डॉक्टरने पुढच्या दवाखान्याला फोन करून व्हेंटिलेटर आहे का विचारायचं. निघताना अ‍ॅट्रोपिनची ड्रिप चालू, वाटेसाठी जादा अँप्यूल, सक्शन, ऑक्सिजन, सोबत डॉक्टर. खाजगी गाडीत नाही, १०८ मध्ये. जिथे व्हेंटिलेटर नाही तिथे ओपीचा मध्यम-गंभीर पेशंट रात्रभर ठेवणं चूकच. तिसऱ्या दिवशी काय होतं ते या धाग्यातच आहे.

आणि ज्या तालुक्याला डॉक्टरच नाही हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे, तिथे थांबून काय करणार? घरून निघतानाच १०८ ला लावा, ते वाटेत गाठतात, त्यात डॉक्टर आणि अ‍ॅट्रोपिन असतं.

तुषार_सिंचन

हे पटलं. म्हणजे फवारणीच्या आधीच चौकशी करून ठेवा लागते, तालुक्याले कोण हाय ते.

द्राक्षबाग

आमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत हे ठेवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू का हा धागा?

काळी_माती

टाका, फक्त आमच्या पोराचं टाकू नका.

बातमी देतो: आज त्याला मशीनवरून थोडा थोडा वेळ काढताहेत, नळी अजून आहे. सिस्टरने सांगितलं म्हणून मी उशी काढून डोकं उचलायला सांगितलं. दोन बोटं उचललं, मग पडलं. डॉक्टर म्हणाले काल तेवढंही नव्हतं. काकांना भूलवाला सरांचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते म्हणाले, ‘साठ इंजेक्शनं देतं का कोणी?’ मग तालुक्याच्या चिठ्ठीवरचा आकडा दाखवला. तिथल्या डॉक्टरने वेळ-डोस सगळं लिहून दिलं होतं, शेवटी एकूण ४४ अँप्यूल.

सातबारा साहेब, पोराच्या नावावर जमीन नाही. भाऊ खर्च करतोय, पण मशीनचे दिवस वाढले तर? आरोग्यमित्राने रेशन कार्ड मागितलंय, ते त्याच्या गावी, मेळघाटात आहे.

सातबारा

फोटो मागवून घ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, मूळ कार्ड नंतर दाखवता येईल का ते आरोग्यमित्राला आजच विचारा. कार्डात पोराचं नाव ऑनलाइन चढलंय का तेही बघा, बऱ्याच जणांचं तिथे अडतं. अडलं तर इथे लिहा, तिकडच्या पुरवठा निरीक्षकांकडे कसं जायचं ते सांगतो.

मिसळपाव_नको_ठेचा_द्या

काळी_माती, धारणीकडे माझा मावसभाऊ शिक्षक आहे. गावाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, तो उद्या शाळा सुटल्यावर जाऊन कार्डाचा फोटो काढून पाठवेल.